फोंताजची वळचण

आमच्या मोंरोझाकच्या ज्येष्ठ मंडळाच्या सहली मीच काढायचे. मला कुणी नेमलं बिमलं नव्हतं. गावातलं एकुलतं एक किराणा-कॉफीचं दुकान माझं, फोन माझ्या गल्ल्यापाशी आणि बसवाल्याशी भांडायची ताकदही माझ्याच अंगात, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. दर वसंतात एकदा आणि द्राक्षं उतरली की एकदा. लांब कधीच नाही. डोंगरापलीकडचा जुना मठ, माळावरची ती उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवलेली राक्षसाची कबर, घळीतला धबधबा, पडका किल्ला. आमच्या भागात दगड आणि पाणी सोडून आहे काय? चीज आहे, तर तेही आता कारखान्यात करतात.

लेओन्तीन बुस्के प्रत्येक सहलीला यायची. माझ्याहून बरीच मोठी, पण बसमधून सगळ्यांत आधी उतरणार तीच. मठाच्या मनोऱ्यावर चढून वरून बाकीच्यांना हाका मारणार, "या की रे म्हाताऱ्यांनो, की खांदेकरी पाठवू?" धबधब्याखाली बूट काढून उभी राहणार. एकदा मठात मुख्य पाद्रीची कोरीव खुर्ची रिकामी दिसली, तर खुशाल जाऊन बसली आणि म्हणाली, "पाठ दुखते यात. उगाच नाही ते लोक सदा कावलेले असायचे." मठाचा राखणदार धावत आला तेव्हा ही उठून त्यालाच विचारतेय की खुर्चीवर धूळ किती, कुणी पुसत नाही का.

फक्त एका जागी ती बसमधून उतरायची नाही. परतताना बस तळ्याच्या वरच्या कठड्यापाशी थांबायची. तिथून सगळं तळं दिसतं, निळंशार, लोक फोटो काढतात. लेओन्तीन काचेकडे पाठ करून बसून राहायची.

"गुडघे धरलेत," म्हणायची.

"मनोरा चढताना गुडघे घरी ठेवून आला होतात वाटतं?" मी टोमणा मारायची.

"तू तुझं बघ गं जिनेत. कॉफी आधी नीट करायला शीक, मग माझे गुडघे मोज."

त्या तळ्याच्या तळाशी फोंताज आहे. लेओन्तीनचं सासर. ती तिथे लग्न होऊन आली आणि काही वर्षांत वीज कंपनीने खाली धरण बांधलं, गाव उठवलं. काही शहरात गेले, काही वर आमच्याकडे आले. जाण्याआधी कंपनीच्या माणसांनी चर्चच्या छपरावरच्या दगडी फरश्या काढून विकल्या, घंटा काढून आमच्या चर्चला दिली, आणि कबरस्तानातले मुडदे एकेक करून वर आणून पुरले. नावनिशीवार, पाद्री समोर उभा. ते काम नीट झालं असं आमची आई सांगायची. मग पाणी चढलं.

तेव्हापासून दर दहाएक वर्षांनी तळं रिकामं करायचे. धरणाची भिंत कोरडी करून तपासायला. तेव्हा फोंताज पुन्हा बाहेर यायचं. चिखलातून घरांच्या भिंती, जुना पूल, बिनछपराचं चर्च. आणि माणसं! कुठून कुठून यायची बसगाड्या भरभरून. सॉसेज, बटाट्याचं तळण, फुगे, आइस्क्रीम. शेवटच्या खेपेला बटाट्याच्या तळणाचा एक ठेला माझाच होता, खोटं कशाला बोलू. आमच्या महापौरांनी तर त्या हंगामात गावाची मोरी बांधून घेतली.

त्या खेपेला लेओन्तीन खाली आली होती. सहलीला उतरत नसे, पण तळं रिकामं झालं की नवऱ्याला, फिर्मांला, घेऊन ती जायचीच. लोकांना वाटायचं घर बघायला जाते. पण घराकडे ती ढुंकूनही बघत नसे. सरळ चर्चच्या उत्तरेच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. फिर्मां टोपी हातात धरून चार पावलं मागे.

त्या दिवशी भिंतीच्या सावलीला एक शहरी कुटुंब चटई टाकून जेवायला बसलेलं. त्यांचा कुत्रा, कसल्याशा तांबड्या केसांचा, भिंतीच्या बुडाशी चिखल उकरत होता. लेओन्तीनने छत्री उचलली आणि त्या कुत्र्याला असं हाणलं, की माझ्या ठेल्यापर्यंत त्याचं केकाटणं ऐकू आलं. मग ती त्या माणसांवर धावली. "उठा! उठा इथून! लाजा नाहीत का?" बाई रडायला लागली, नवरा पोलिसांना बोलावतो म्हणाला. फिर्मांने लेओन्तीनला धरून ओढत नेलं. ती ओरडत होती आणि तो खाली मान घालून फक्त "चल, चल" म्हणत होता. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की म्हातारी चळली.

मग फिर्मां गेला. दफनाच्या दुसऱ्या आठवड्यात लेओन्तीन दुपारची दुकानात आली. दुकानात कुणी नव्हतं. तिने कॉफी मागितली, पाणचट म्हणून नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मी हातातलं काम टाकून तिच्यासमोर येऊन बसले.

"जिनेत, पुढल्या वेळी तळं रिकामं करतील ना, तेव्हा माझ्याबरोबर येशील? फावडं घेऊन?"

"फावडं कशाला?"

"माझं बाळ आहे तिथे."

आता ती नाही, फिर्मां नाही, म्हणून सांगते. ती जिवंत असेतो माझ्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं, आणि मला ओळखणाऱ्यांना विचारा, हे किती अवघड गेलं असेल.

पहिलटकरीण होती ती. हिवाळा, बर्फ, सुईण दुसऱ्या खेड्यात अडकलेली. मुलगा झाला. लहानखुरा, पण रडला, डोळे उघडले. सासूने बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की हे टिकत नाही. "फिर्मां, धाव, पाद्रीला आण," म्हणाली. बाप्तिस्मा व्हायला हवा, नाहीतर पोराला ना स्वर्ग ना कबर. फिर्मां त्या बर्फातून चर्चकडे धावला. पाद्री तिथे नव्हता, कुणाकडे तरी आजाऱ्याला भेटायला गेलेला. तिकडे धावला. तो पाद्रीला घेऊन येईपर्यंत पोर आईच्या अंगावर गार झालं होतं. पाद्रीने बघितलं, म्हणाला उशीर झाला, आणि टोपी घालून निघून गेला.

"आणि मग वसंतात सुईण आली भेटायला," लेओन्तीन म्हणाली. "मी सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अगं पोरी, पाद्री कशाला हवा होता? जीव जायला लागला तर कुणीही करू शकतं. आई, बाप, रस्त्यावरचा माणूस. डोक्यावर पाणी घालायचं, तीन शब्द बोलायचे, झालं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं. पण ते म्हणताना हसू यावं लागतं. इथे कळशी खरोखरच खाटेशेजारी होती. सुईण येईल म्हणून सासूनेच भरून ठेवलेली.

"चमचाभर पाणी लागलं असतं गं," लेओन्तीन म्हणाली. "चमचाभर. आणि आता बघ, किती घातलंय त्याच्यावर."

मी उठून दुकानाचं दार लावलं. मला काय करावं तेच सुचेना, म्हणून दार लावलं.

बाप्तिस्मा नाही म्हणून कबरस्तानात जागा नाही. तेव्हा फोंताजच्या बायका जे करायच्या तेच सासूने करायला लावलं. चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला, वळचणीखाली, जिथे छपराच्या पागोळ्या पडतात, तिथे फिर्मांने उजाडताना खड्डा खणला. चर्चच्या छपरावरून आलेलं पाणी पवित्रच की! पाऊस पडेल, बर्फ वितळेल, थेंबथेंब पोराच्या अंगावर पडेल आणि माणसांनी केला नाही तो बाप्तिस्मा देव करील. पाद्रीला माहीत असायचं, पण तो तिकडे बघायचा नाही. पाऊस आला की लेओन्तीन खिडकीशी बसायची. दुसऱ्या बायका वाळत घातलेलं काढायला धावायच्या, आणि ही खुशीत.

मग कंपनीची माणसं आली. ज्याच्या त्याच्या मुडद्यांची नावं सांगा म्हणाली. लेओन्तीनने फिर्मांच्या पाया पडून सांगितलं, की आपलंही सांग. तो म्हणाला, "काय सांगू? नाव काय सांगू त्याचं? बाप्तिस्माच नाही तर नाव कुठलं? आणि वळचणीला पुरलं म्हणून सांगितलं तर तिथल्या सगळ्यांचीच पोरं बाहेर निघतील, चार घरं तोंडावर थुंकतील माझ्या." त्या भिंतीखाली त्यांचं एकट्याचं नव्हतं तर! चारही घरं गप्प राहिली. एकेकाने दुसऱ्याकडे बघून गप्प राहायचं ठरवलं. पोरं तिथेच राहिली, छपरावरच्या फरश्या काढून नेल्या, आणि मग वळचणीचं पाणी पडायलाच नको, सगळंच पाणी.

"फिर्मां होता तोवर उकरू देत नव्हता," ती म्हणाली. "आता कोण अडवणार? उकरू, आणू, आणि फिर्मांशेजारी ठेवू. नवीन पाद्री काही बोलला तर तू आहेसच."

"मी आहेच," मी म्हटलं. "पाद्रीचं मी बघते. तुम्ही फक्त जागा दाखवा."

त्या दिवसापासून ती वाट बघायला लागली. तळ्याच्या कठड्यापाशीही बसमधून उतरायला लागली. खाली बघून माझ्या कानाशी लागून म्हणायची, "आता फार राहिलं नाही." बाकीच्यांना वाटलं, नवरा गेल्यावर म्हातारी खुलली. कुणी कुणी वाईट बोललं. बोलू देत.

मग ज्या वर्षी तळं रिकामं व्हायचं, त्या वर्षी कंपनीने ग्रामसभा बोलावली. शहरातून एक तरुण इंजिनियर आला, अगदी सालस पोरगा, पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाला, आता तळं रिकामं करायची गरज नाही. पाण्याखाली फिरणारं यंत्र आलंय, त्याला कॅमेरा आहे, तेच भिंत तपासेल. पाणी वाया जात नाही, मासे मरत नाहीत.

काय गोंधळ झाला! महापौर उभे राहिले, खाणावळवाला उभा राहिला. हंगाम बुडाला, आमच्या पोटावर पाय, वारशाचं काय, पर्यटकांचं काय. सगळे फोंताजच्या नावाने गळे काढत होते आणि सगळ्यांना सॉसेज विकायचे होते. त्या गलक्यात लेओन्तीनने हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा.

"पुढल्या वर्षी करणार का?"

"नाही आजी. आता कधीच नाही."

"म्हणजे कधीच?"

"कधीच. मासे सुखरूप राहतील, काळजी करू नका," तो हसून म्हणाला, आणि लोकही हसले.

"तो तुमचा कॅमेरा... चर्चपर्यंत जातो का?"

"नाही आजी, फक्त धरणाची भिंत."

ती खाली बसली. तिने हातातली पर्स मांडीवर ठेवली, उघडली, बंद केली. मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला.

मीच मूर्ख. वाटलं पाद्रीने समजूत घातली तर जीव थंडावेल. नवीन पाद्री भला माणूस, सहा गावं सांभाळतो, मोटारीतून धावतो. त्याला घरी नेलं. लेओन्तीनने, पहिल्यांदाच, पाद्रीला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "बुस्केबाई, तुमचं बाळ देवाजवळच आहे. अशा बाळांना दार बंद असतं असं आता आम्ही शिकवत नाही."

"आता शिकवत नाही?"

"नाही."

"केव्हापासून?"

तो बिचारा मोटारीच्या किल्ल्या चाचपायला लागला.

"म्हणजे माझा फिर्मां बर्फातून धावला ते उगाच? वळचणीला पुरलं ते उगाच? कबरस्तानात ठेवलं असतं तर इतरांबरोबर वर आलं असतं माझं पोर! बदललं तर कळवायचं तरी होतं! उठा. माझ्या घरातून उठा."

तो उठला आणि निघून गेला. त्याच्यावर रागावून काय करणार, तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

उन्हाळ्यात ती दुकानात आली. वाळून काडी झालेली. "बोटीचं तिकीट काढ," म्हणाली.

तळ्यावर सफरीची बोट असते. दिदिए नावाचा आमच्याच गावचा पोरगा चालवतो, ध्वनिक्षेपकावरून बडबडतो. लेओन्तीन त्या बोटीत कधी चढली नव्हती.

"बोटीत कशाला?"

"वर आणता येत नाही ना. मग निदान नावाने हाक तरी मारते. मी नाव ठरवलंय."

कुठलं ते मी विचारलं नाही. तिचा आवाज असा होता, की विचारवलं नाही.

बोट भरलेली होती. पोरं, टोप्या, उन्हाचं तेल. लेओन्तीन चर्चला जायचा काळा झगा घालून आली होती, केस नीट विंचरलेले. मी तिला कडेला बसवलं. बोट निघाली आणि दिदिए सुरू झाला: उजवीकडे हे, डावीकडे ते. लेओन्तीन काही ऐकत नव्हती. डोंगराची कड बघत होती, ओठ हलत होते. मग माझा दंड धरला. "जवळ आलं."

मी उठून दिदिएपाशी गेले. "चर्चवर इंजिन बंद कर. दोन मिनिटं."

"जिनेतबाई, वेळापत्रक..."

"वेळापत्रक चुलीत घाल. तुझ्या लहानपणी उधारीवर गोळ्या कुणी दिल्या तुला? बंद कर."

पोरगा मनाचा चांगला. त्याने मागे वळून काळ्या झग्यातली म्हातारी बघितली आणि त्याला वाटलं, त्याला सगळं कळलं. इंजिन बंद केलं आणि ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून हळू आवाजात म्हणाला, "मंडळी, आपल्याबरोबर आज फोंताजच्या एक आजी आहेत. त्यांना त्यांच्या बुडालेल्या चर्चची घंटा ऐकायचीय. म्हणतात शांतता असली की ऐकू येते. त्यांच्यासाठी सगळे दोन मिनिटं अगदी गप्प बसूया का?"

आणि सगळे गप्प बसले. देवा, इतकी गुणी माणसं मी कधी बघितली नाहीत. पोरांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले. टोप्या निघाल्या. साठएक माणसं श्वास धरून, मायेने, हसऱ्या चेहऱ्याने लेओन्तीनकडे बघत बसली. कुणाकुणाच्या हातात फोन होते.

लेओन्तीन पाण्यावर ओणवली. तोंड उघडलं. तिने एकदा मागे बघितलं, त्या सगळ्या चेहऱ्यांकडे. पुन्हा पाण्याकडे वळली. गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसत होती. आवाज आला नाही. मी उठून ओरडणार होते, की तोंडं फिरवा मेल्यांनो, पण ते ओरडून आणखीच सगळ्यांना कळलं असतं.

मग मागून एक बाई कुजबुजली, "मला आली ऐकू! खरंच!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिदिएने इंजिन सुरू केलं.

धक्क्यावर उतरल्यावर ती म्हणाली, "एवढी माणसं होती गं. मला लाज वाटली."

"पुन्हा जाऊ," मी म्हटलं. "हंगाम संपला की अख्खी बोट घेऊ. दिदिएलाही कानात बोळे घालायला लावते."

पण द्राक्षं उतरायच्या सुमाराला ती पडली, खुबा मोडला, आणि मग शहरातल्या इस्पितळातून ती परत आलीच नाही. थंडीभर मी आठवड्यातून एकदा जायचे. जानेवारीच्या शेवटी तिला बोलतानाही दम लागायला लागला, तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली.

"लेओन्तीन, नाव मला सांगा. बोट सुरू झाली की मी जाते. एकटी जाते. मी हाक मारते त्याला."

तिने बराच वेळ विचार केला. खरंच विचार केला, मला दिसत होतं.

"नको," म्हणाली. "पोराने आपलं नाव पहिल्यांदा आईच्या तोंडून ऐकावं. मी येते ना उन्हाळ्यात."

फेब्रुवारीत गेली. फिर्मांशेजारी ठेवली. पाद्री रडला, मी त्याला रडू दिलं.

एप्रिलमध्ये बोट सुरू झाली. मी दिदिएला म्हटलं, मला एकटीला ने, आणि का ते विचारू नकोस. त्याने नेलं. ती जागा आल्यावर न सांगता इंजिन बंद केलं आणि पाठ करून बसला. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. हवं तेवढं मोठ्याने ओरडले असते, कुणी ऐकलं नसतं. मी कडेला ओणवले, तोंड उघडलं. पण कुठल्या नावाने हाक मारू?